पोटातल्या बाळाचं ताट आणि चाळिशीतली शुगर

आपल्या वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिर घेतलं की एक प्रश्न हमखास येतो. पस्तिशी-चाळिशीतला माणूस, अंगानं काटक, हमालीत नाहीतर गवंडीकामात आयुष्य गेलेलं, आणि तपासणीत शुगर निघते. तो विचारतो, "आम्ही कुठं तूप-साखर खाल्ली? हा श्रीमंतांचा आजार आम्हाला कसा झाला?" शिबिरातले डॉक्टर "गोड कमी करा, रोज चाला" एवढं सांगून पुढच्याला बोलावतात. दिवसभर डोक्यावर पाट्या वाहणाऱ्याला "रोज चाला" हा सल्ला!

त्या माणसाचा प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग त्याच्या जन्माच्या आधीचा आहे. तो पोटात असताना त्याच्या आईला काय खायला मिळालं, किती मिळालं, तिच्या अंगावर काम किती होतं, आणि ती स्वतः लहानपणी कशी वाढली, याचा हिशोब त्याच्या शरीरात नोंदलेला असतो. हे पुस्तकी अनुमान नाही. या विषयातलं जगभर मानलं जाणारं काम आपल्याच राज्यात, पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालं आहे. ज्यांच्याबद्दल ते आहे त्यांच्यापर्यंत मात्र ते फारसं पोचलेलं नाही. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो आहोत.

पुण्याजवळची सहा गावं

१९९३ साली पुण्याच्या के. ई. एम. हॉस्पिटल रिसर्च सेंटरमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गावातल्या लग्न झालेल्या तरुण स्त्रियांची गरोदर राहण्याआधीच वजन-उंची घेतली, मग दिवस गेल्यावर त्यांचं खाणं, त्यांचं काम, रक्त, सगळं नोंदवलं. जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा आजही चालू आहे. ती मुलं आता तिशीला आली आहेत.

या आया कशा होत्या? सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, गरोदरपणाआधीचं वजन सुमारे ४२ किलो. म्हणजे बॉडी मास इंडेक्स, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, तो १८ च्या जवळपास. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की हा आकडा मिळतो, आणि तो १८.५ च्या खाली असेल तर व्यक्ती कुपोषित धरतात. म्हणजे त्या गावातली सरासरी सूनच कुपोषित होती. गरोदरपणात तिच्या पोटात दिवसाला सुमारे १,८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं जात होती. त्यातच शेतातलं काम, पाणी, सरपण, गुरं.

मुलं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन शहरात त्याच पद्धतीनं मोजलेली बाळं साधारण साडेतीन किलोची होती. इथपर्यंत आश्चर्य काही नाही. आई बारीक तर बाळ बारीक. पण संशोधकांनी बाळाचा एकेक भाग मोजला तेव्हा वेगळंच दिसलं. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र इंग्लंडच्या बाळांच्या जवळपास तेवढीच. नाळेच्या रक्तात इन्शुलिनही जास्त. बाळ वरून कृश आणि आतून चरबीदार. डॉक्टरांनी अशा बाळाला नावच दिलं, 'थिन-फॅट' बाळ.

ही मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची साखर तपासली. अंगानं बारीकच होती, लठ्ठ म्हणावीत अशी फार थोडी. तरीही मुलांपैकी तिघांत एकाहून जास्त जणांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. मुलींमध्ये हे प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास. ही गावातली पोरं होती, मॉलमध्ये बर्गर खाणारी नव्हेत. शिबिरातल्या त्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

उपाशी पोट वाटणी कशी करतं

पोटातल्या बाळाला अन्न कमी पडलं की ते सगळीकडे सारखं कमी करत नाही. घरात पैसा तोकडा असला की आपण काय करतो? आधी रेशन, मग भाडं, मुलाची फी, आणि घराची डागडुजी पुढच्या वर्षी. बाळाचं शरीरही तेच करतं. मेंदूला आधी देतं. डागडुजी राहते ती स्नायूंची, यकृताची, मूत्रपिंडाची आणि स्वादुपिंडाची. स्वादुपिंडातल्या ज्या पेशी इन्शुलिन तयार करतात त्या कमी बनतात. मूत्रपिंडातल्या गाळण्या कमी बनतात, आणि जन्मानंतर त्या नव्यानं वाढत नाहीत. साखर खर्च करणारा मुख्य अवयव म्हणजे स्नायू, तोच कमी. म्हणजे बाळ जन्मतानाच लहान इंजिन घेऊन येतं.

शिवाय बाळाला पोटात असतानाच खबर मिळते की बाहेरच्या जगात अन्न कमी आहे. म्हणून त्याचं शरीर मिळेल ते साठवायची सवय लावून घेतं. बाहेर आल्यावर खरंच अन्न कमी असेल तर ही सवय त्याला जगवते. पण गाव सोडून ते शहरात आलं, वडापाव, बिस्किटं, पाच रुपयांची पाकिटं, गोड चहा हाताशी आला, की हीच सवय उलटते. लहान इंजिनावर मोठा बोजा. आपल्या समाजाच्या मागच्या दोन पिढ्यांचा प्रवास नेमका हाच आहे: दुष्काळी गावातून शहराच्या वस्तीत, बाजरीच्या भाकरीतून मैद्यात. म्हणून ही गोष्ट आम्हाला जास्त जवळची वाटते.

ही कल्पना पहिल्यांदा मांडली गेली ती इंग्लंडमध्ये. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि एक वर्षाचं वजन रजिस्टरमध्ये लिहून ठेवत होत्या. ती जुनी रजिस्टरं डेव्हिड बार्कर या डॉक्टरांच्या हाती लागली. त्यांनी त्यातल्या साडेपाच हजारांहून अधिक पुरुषांचं पुढे काय झालं याचा शोध घेतला. जन्माला आणि पहिल्या वाढदिवसाला ज्यांचं वजन सर्वांत कमी होतं त्यांच्यात हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं. हा निबंध १९८९ साली प्रसिद्ध झाला. तोवर हृदयविकार म्हणजे सिगारेट, चरबी आणि धावपळ एवढंच समीकरण होतं. (अंगणवाडीताईंनी इमानेइतबारे भरलेल्या रजिस्टराला कमी लेखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.)

दुसरा पुरावा युद्धानं दिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरींच्या खाली गेलं, काही आठवडे तर त्याच्याही निम्म्यावर. मे १९४५ मध्ये युद्ध संपलं आणि अन्न आलं. त्या काही महिन्यांत ज्या बायका गरोदर होत्या त्यांच्या मुलांचा अभ्यास पुढे पन्नास-साठ वर्षं झाला. उपासमार गरोदरपणाच्या मधल्या-शेवटच्या महिन्यांत झाली असेल तर बाळं लहान जन्मली आणि पन्नाशीत त्यांच्यात साखर पचवण्याची ताकद कमी दिसली. उपासमार पहिल्या तीन महिन्यांत झाली आणि नंतर अन्न मिळालं, तर जन्मवजन ठीक होतं, पण पुढे हृदयविकार जास्त. म्हणजे बाळ तीन किलोचं जन्मलं म्हणून सगळं ठीक, असंही नाही.

कॅलरी नव्हे, पालेभाजी

पुण्याच्या अभ्यासातली सर्वांत उपयोगी गोष्ट आम्हाला ही वाटते. आईनं एकूण कॅलरी किती खाल्ल्या याचा बाळाच्या आकाराशी फार घट्ट संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध कितीदा खाल्लं याच्याशी. ज्या आया पालेभाजी वरचेवर खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. म्हणजे भात-भाकरीनं पोट भरणं आणि बाळाला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, तांदुळजा मिळत नाही.

दुसरी गोष्ट बी-१२ या जीवनसत्त्वाची. त्या आयांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी होतं. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसतं. ते मांस, मासे, अंडी यांत असतं, आणि काही प्रमाणात दूध-दह्यात. ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला शरीरानं दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं. याचा अर्थ फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद करा असा मुळीच नाही. त्या गोळ्यांमुळे बाळाच्या मेंदू-मणक्याचे जन्मजात दोष टळतात. अर्थ एवढाच की सोबत बी-१२ ही हवं.

इथे आम्ही थोडं परखड बोलणार आहोत. सुकट, बोंबील, जवळा, अंडी, काळीज, वजडी, हे आपल्या घरातलं खाणं. वर्षानुवर्षं त्याला नाकं मुरडली गेली. ज्याला गावानं हिणवलं त्या ताटात लोह होतं, प्रथिनं होती, बी-१२ होतं. आता शिकलेल्या, फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या आपल्याच काही घरांत सोवळेपणा आला आहे आणि गरोदर सुनेला अंडंही 'उष्ण' म्हणून नाकारलं जातं. कुणी मनापासून शाकाहारी असेल तर त्याबद्दल आमची तक्रार नाही. त्या घरातल्या गरोदर मुलीनं दूध-दही नेमानं घ्यावं आणि डॉक्टरांना बी-१२ च्या गोळीबद्दल विचारावं. पण शेजारी काय म्हणतील म्हणून अंडं सोडू नये. आणि सरकारनं? २०१५ मध्ये राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातला लोह-प्रथिनांचा एक स्वस्त पदार्थ गेला. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं, त्याचा निधी २०२५ च्या जानेवारीत थांबवला गेला. त्या शाळेतली आठवी-नववीतली मुलगी उद्याची आई आहे, हे धोरण ठरवणाऱ्यांच्या डोक्यात येत नाही.

वजन किती वाढायला हवं

गरोदर बाईचं वजन वाढतं ते फक्त बाळाचं नसतं. बाळ तीन किलो धरलं तर वार, गर्भजल, वाढलेलं रक्त, गर्भाशय, आणि दूध पाजण्यासाठी शरीरानं केलेला चरबीचा साठा हे सगळं मिळून आणखी सात-आठ किलो. आपल्याकडे डॉक्टर साधारण दहा-बारा किलो सांगतात. अमेरिकेतल्या एका संस्थेनं २००९ मध्ये दिलेलं कोष्टक जगभर वापरतात. त्यात आधीच बारीक असलेल्या बाईनं १२.५ ते १८ किलो, मध्यम बांध्याच्या बाईनं ११.५ ते १६, जास्त वजनाच्या बाईनं ७ ते ११.५ आणि लठ्ठ बाईनं ५ ते ९ किलो वाढवावं असं आहे. ते त्यांच्या बायकांसाठी बनवलेलं आहे, ते जसंच्या तसं आपल्याकडे लावू नये. पण त्यातलं तत्त्व ध्यानात घ्यावं. जी जितकी बारीक, तिचं वजन तितकं जास्त वाढायला हवं.

आणि प्रत्यक्षात? डायान कॉफी यांनी २०१५ मध्ये दाखवलं की भारतात गरोदर राहताना ४२ टक्के स्त्रियांचं वजन कमी असतं. आपण ज्यांना गरीब म्हणतो त्या सहारा वाळवंटाखालच्या आफ्रिकी देशांत हे प्रमाण १६.५ टक्के आहे. आपल्या स्त्रीचं गरोदरपणात वजन वाढतं ते सरासरी सात किलोच्या आसपास. म्हणजे जिनं सर्वांत जास्त वाढवायला हवं तीच सर्वांत कमी वाढवते.

हे निव्वळ गरिबीनं होत नाही. घरात आफ्रिकेतल्या कुटुंबापेक्षा पैसा जास्त असूनही आपली सून बारीक का? कारण ती शेवटी जेवते. पातेल्यात उरेल ते. मटण शिजलं तर फोडी पुरुषांना आणि पोरांना, तिला रस्सा. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला ओटी भरायची, पाटावर बसवून पंचपक्वान्नं वाढायची, फोटो स्टेटसला टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ती शेवटी. वर "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल" हा धाक. लोहाच्या गोळीनं बाळ काळं होतं, ही आणखी एक समजूत. गोळीनं शौच काळी होते, बाळ नव्हे. रंगाची ही भीती आपल्या घरांत अजून असावी याचं वाईट वाटतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्त कमी निघालं. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं की तातडीनं दवाखाना. राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत. खुजेपणाची सुरुवातही बरीचशी पोटातच होते.

गरोदर राहिल्यावर उशीर झालेला असतो

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 'सरस' नावाचा एक प्रयोग झाला, २००६ ते २०१२ या काळात. साडेसहा हजारांच्या आसपास स्त्रियांना, गरोदर राहण्याच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत, नेमानं एक खाऊ दिला गेला. निम्म्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दूध. बाकीच्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषणाच्या भाज्या. ज्यांनी गरोदर राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून पालेभाजीचा खाऊ खाल्ला त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जड जन्मली. ४८ ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण त्याच स्त्रियांत गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला, आणि तो एका खाऊनं!

या प्रयोगातली एक गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. ज्या स्त्रिया सर्वांत बारीक होत्या त्यांच्या बाळांचं वजन वाढलं नाही. ज्यांच्या अंगात आधीच थोडं होतं त्यांच्याच बाळांना फायदा मिळाला. लहानपणापासून अर्धपोटी वाढलेल्या शरीराला नऊ महिन्यांचा खाऊ पुरत नाही. म्हणून काम सुरू करायचं ते बाराव्या-तेराव्या वर्षाच्या मुलीपासून. आपल्या राज्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. अशा मुलीची स्वतःची वाढ पुरी झालेली नसते आणि तिच्या ताटात दुसरा वाटेकरी येतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. शहरातल्या आपल्या घरांत आता जास्त वजनाच्या तरुणीही दिसतात. सर्वेक्षणानुसार राज्यातल्या २३ टक्के स्त्रियांचं वजन गरजेपेक्षा जास्त आहे. गरोदरपणात आईची साखर वाढली की ती नाळेतून बाळाला जाते, बाळ जास्त इन्शुलिन तयार करतं, चरबी धरतं, आणि पुढे त्यालाही लठ्ठपणा आणि मधुमेहाचा धोका राहतो. उपाशी आईची मुलगी पुढे शहरात येऊन जाड होते, तिला गरोदरपणात शुगर होते, आणि तिचं बाळ दोन्ही बाजूंनी अडकतं. म्हणून प्रत्येक गरोदर स्त्रीची साखरेची तपासणी दोनदा व्हायला हवी, नाव नोंदवताना आणि मग २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. उपाशी यावं लागत नाही. सरकारी दवाखान्यात हे मोफत आहे, ते मागून घ्यावं.

विश्रांतीचा हक्क

पुण्याच्या अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे, ज्याची चर्चा कमी होते. ज्या आया गरोदरपणात जास्त कष्टाचं काम करत होत्या त्यांची बाळं लहान होती. खाणं तेवढंच, पण काम जास्त. म्हणजे पोषणाचा प्रश्न हा मजुरीचा आणि विश्रांतीचाही प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी हे १९२८ मध्येच मांडलं होतं. मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा २८ जुलैच्या भाषणात त्यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे, आणि तिच्या श्रमाचा फायदा मालक घेतो तर या काळातला काही भार त्यानंही उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये तो मुंबई प्रांताचा कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात त्यांनी दुरुस्ती आणली. रमाईनं पाचपैकी चार लेकरं गमावली होती. हा प्रश्न त्या घराला परका नव्हता.

आज संघटित क्षेत्रातल्या स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. धुणीभांडी करणारी, बांधकामावरची, शेतमजूर, कचरा वेचणारी यांच्यासाठी काय? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीतून मोफत आहार आणि किमान ६,००० रुपये देण्याचं बंधन घातलं. प्रत्यक्षात प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ५,००० मिळतात आणि दुसरी मुलगी झाली तरच ६,०००. दुसरा मुलगा झाला तर आईला भूक लागत नाही, असा बहुधा सरकारचा समज असावा. सहा हजार ही रक्कम २०१३ ची आहे. तेव्हापासून डाळीचा भाव कुठे गेला ते घरात विचारा.

या सगळ्यातून एक चूक होऊ शकते ती आधीच सांगतो. "तुझ्या शुगरला तुझी आई कारण" असा अर्थ कुणी काढू नये. आईनं खाल्लं नाही कारण तिला वाढलं गेलं नाही. हा दोष ताट वाढणाऱ्या घराचा, मजुरी देणाऱ्या मालकाचा आणि विहिरीवर, रानात, गावात तिला मागं ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. आणि जन्मवजन कमी होतं म्हणून मधुमेह होणारच असंही नाही. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, मग घरातलं वरण-भात, अंडं, पालेभाजी, खेळणं, आणि पाच रुपयांच्या पाकिटांपासून लांब ठेवणं यानं बराच फरक पडतो. ज्याचं जन्मवजन कमी होतं त्यानं तिशीनंतर दरवर्षी साखर आणि रक्तदाब तपासावा.

कामाला लागायचं तर

विहारात रविवारी वंदनेला मुली-बायका जमतात. तिथे एक वजनकाटा आणि भिंतीवर उंचीची पट्टी ठेवायला फार खर्च येत नाही. बुद्धांची आळवी गावातली गोष्ट आपण ऐकलेली असते: हरवलेला बैल शोधून उपाशी आलेल्या शेतकऱ्याला त्यांनी आधी जेवू घातलं आणि मगच उपदेश केला. वर्षावासातल्या कार्यक्रमांत बुंदी-शेवेऐवजी उकडलेलं अंडं, शेंगदाण्याचा लाडू, पेरू देता येतो.

माता-बाल संरक्षण कार्डावर दर महिन्याचं वजन लिहिलेलं आहे का ते पाहा. चौथ्या महिन्यापासून महिन्याला साधारण दीड ते दोन किलो वाढायला हवं. दोन महिने काटा जागेवरच असेल तर आशाताईंना गाठा. उलट एकाएकी वजन वाढलं, तोंड-हात सुजले, डोकं दुखतंय, तर वाट पाहू नका, लगेच दवाखाना. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी किमान १८० दिवस. जेवणाबरोबर लिंबू घ्यावं, चहा मात्र जेवणाच्या तास-दीड तास लांब, कारण चहा लोह शोषू देत नाही. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये. तांदुळजा, चवळी, शेपू, घोळ, करडई, अंबाडी, जी जुडी त्या दिवशी स्वस्त असेल ती. बांधकामावर जाणाऱ्या बहिणींची कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल तर प्रसूतीसाठी वेगळं अर्थसाहाय्य आहे. नोंदणी आधी झालेली असावी लागते, म्हणून ते काम लग्नाच्या आधीचं.

आणि पुरुष कार्यकर्त्यांना एक विनंती. वस्तीत व्याख्यान देण्याआधी आपल्या घरी आज कोण शेवटी जेवलं ते पाहा.

बीड, जालना, परभणीकडच्या कार्यकर्त्यांसाठी तातडीचं काम दिवाळीच्या आसपासचं आहे. तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता नवरा-बायकोचा जोडीनं धरला जातो, म्हणून गरोदर बाईही फडावर जाते. पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. गावच्या अंगणवाडीत तिचं नाव असतं आणि ती असते सांगली-कोल्हापुरात नाहीतर कर्नाटकात. टोळी निघायच्या आधी गावातल्या गरोदर आणि स्तनदा बायकांची यादी करा. प्रत्येकीचं कार्ड, आधारची आणि बँक पुस्तकाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत तिच्याजवळ द्या, तीन महिन्यांच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून मागून घ्या, मुकादमाचा आणि कारखान्याचा पत्ता लिहून ठेवा. तिथल्या आपल्या साथींना ती यादी पाठवा, म्हणजे फडाजवळच्या अंगणवाडीतून तिचा आहार मागता येईल.